सुई दिल्याने कोणी गर्दुल्ला होत नाही

सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच मेसेज आला: 'आपल्या कराच्या पैशातून गर्दुल्ल्यांना फुकट सुया वाटतात. त्याने व्यसन वाढतं, वापरलेल्या सुया रस्त्यावर पडतात. एचआयव्ही, हिपॅटायटिस हे त्यांचे रोग, आपला काय संबंध?' अशाच एका सुया वाटणाऱ्या केंद्रात मी काही वर्षं काम केलंय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी व्यसनाचं. केंद्रात येणारा माणूस अगोदरपासूनच टोचून घेत असतो. सुई नसली म्हणून तो नशा सोडत नाही, बाजूच्याची वापरलेली सुई घेतो. मणिपूरमध्ये सप्टेंबर १९८९ पर्यंत टोचून घेणाऱ्यांच्या तपासण्यांत एचआयव्ही सापडत नव्हता. पुढच्या सहाएक महिन्यांत तपासलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांत सापडला. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या ऑस्टिन या चारेक हजार वस्तीच्या गावात २०१५ साली तेच झालं. तिथे सुया वाटायला कायद्याने मनाई होती. वर्षभरात त्या भागात दीडशेच्या वर एचआयव्हीबाधित निघाले, बहुतेकांना हिपॅटायटिस सी हा रक्तातून पसरणारा यकृताचा रोगसुद्धा. गव्हर्नर माइक पेन्स सुयावाटपाच्या विरोधातले, पण शेवटी आरोग्य आणीबाणी जाहीर करून त्यांनाच परवानगी द्यावी लागली.

आणि व्यसन सुटायची वाटही बऱ्याचदा याच दारातून जाते. रोज सुई न्यायला येणाऱ्याची हळूहळू ओळख होते, चहा होतो. मग एक दिवस तोच विचारतो, "ती जिभेखालची गोळी मला चालू होईल का?" ती गोळी ब्युप्रेनॉर्फिनची, म्हणजे नशेची तलफ भागवणाऱ्या औषधाची. रोज केंद्रात येऊन नर्ससमोर घ्यायची, म्हणजे टोचायची गरज पडत नाही.

रस्त्यावरच्या सुयांचं म्हणाल, तर वापरलेल्या सुया परत घेणं हा आमच्या कामाचा अर्धा भाग. एक काका पाण्याच्या बाटलीत सुया भरून आणायचे, झाकण घट्ट लावून. आम्ही चिमट्याने एकेक उचलून जाड डब्यात टाकायचो. नशेची पुडी विरघळवायचं पाणी आणि गाळायचा कापूसही एकमेकांचा वापरू नका, हे आम्ही त्यांना शिकवलं. पुढे तेच इतरांना दटावून सांगायचे. हिपॅटायटिस सी त्यातूनही पसरतो.

राहिलं 'आपला काय संबंध'. या लोकांना बायकामुलं असतात, हे तरी आठवावं. शिवाय हिपॅटायटिस सी फक्त सुईवाल्यांचा नाही. रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची होण्याआधी ज्यांना रक्त चढवलं, जे डायलिसिसवर आहेत, ज्यांना कुठे न उकळलेल्या सुईने इंजेक्शन दिलं गेलं, अशा कोणालाही तो असू शकतो. वर्षानुवर्षं काही जाणवत नाही, आतून यकृत खराब होत जातं. लस नाही, पण बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी तो पूर्ण बरा होतो. २०१८ पासून सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं: आपल्या इमारतीत ज्यांची जुनी ऑपरेशनं झालीत, रक्त चढवलंय, त्यांनी जिल्हा रुग्णालयात जाऊन एकदा तपासून घ्या. सोबतीला कोणी हवं असेल तर मी येते.