क्लास असावा तर असा

हिंजवडीत नोकरी टिकवायची असेल, तर आपला कोड आपल्याशिवाय कोणालाही कळता कामा नये, एवढे एकच पथ्य नवोदित प्रोग्रामरने पाळावे.

त्यासाठी एकच अवाढव्य क्लास (माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधलेला कोडचा गठ्ठा) लिहावा आणि त्याला ‘मॅनेजर’ असे नाव द्यावे, म्हणजे तो नेमके काय करतो हे कोणी विचारत नाही. आमच्या प्रकल्पातला असा क्लास 9,000 ओळींचा होता. बिलावर तारीख छापण्यापासून एसएमएस पाठवण्यापर्यंत सारे तोच करी, त्यामुळे एकदा तारखेचा फॉरमॅट बदलला आणि ग्राहकांना ओटीपी जाणे बंद झाले. क्लास बदलण्याचे कारण एकच असावे, असे जाणकार सांगतात. आमच्याकडे कारणे ढीगभर होती, हिंमत मात्र कोणाची नव्हती.

जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे तो मॉड्यूलच्या, म्हणजे कोडच्या एका स्वतंत्र भागाच्या, आत दडवावा, असे संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी 1972 मध्येच मांडले. आपण मन मोठे करून क्लासमधली माहिती, म्हणजे सगळी फील्ड्स, पब्लिक ठेवावीत, कोणीही यावे आणि बदलावे. दडवायचेच असेल, तर डॉक्युमेंटेशन दडवावे.

इनहेरिटन्सच्या, म्हणजे एका क्लासचा ऐवज दुसऱ्याला वारशाने देण्याच्या, बाबतीत हात आखडता घेऊच नये. ‘कर्मचारी’ या क्लासमध्ये नाव, पत्ता आणि मोबाइल आयते मिळत असतील, तर ‘ग्राहक’ त्याच्याच पोटी जन्माला घालावा. बेस क्लास, म्हणजे वारसा देणारा, जिथे चालतो तिथे तो घेणारा सबक्लासही बिनबोभाट चालला पाहिजे, हा संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी 1987 मध्ये मांडलेला विचार महिनाअखेरीपर्यंत कोणाला आठवत नाही. मग पगाराचा प्रोग्राम यादीतल्या झाडून साऱ्या ‘कर्मचाऱ्यां’ना पगारपत्रक पाठवतो आणि सदाशिव पेठेतल्या एका ज्येष्ठ ग्राहकाचा शांत स्वरात फोन येतो, “व्यवसाय कराचे 200 रुपये कापलेले दिसतात. पगार मात्र जमा झालेला नाही.”

क्लास भर घालण्यास खुला, पण फेरफारास बंद असावा, हे संगणकशास्त्रज्ञ बर्ट्रांड मेयर यांचे 1988 मधले तत्त्व तर आपल्याला परवडणारेच नाही. रोख, धनादेश, कार्ड, यूपीआय, असा पैसे घेण्याचा नवा प्रकार आला की जुन्याच फंक्शनमध्ये आणखी एक एल्स-इफ (‘नाहीतर हे असेल तर’ अशी अट) खुपसावे. कोड तपासणाऱ्या टेस्ट लिहू नयेत. त्या फेल होतात.

एवढे साधल्यावर निश्चिंत मनाने राजीनामा द्यावा. पगारवाढीचे नाव काढताच मीटिंगला पळणारे साहेब स्वतः चहा मागवतील. तरीही जायचेच ठरले, तर 90 दिवसांच्या नोटीस पिरियडमध्ये हँडओव्हर घ्यायला आलेल्या मुलाला गंभीरपणे सांगावे, “अरे, त्या एका ओळीला तेवढा हात लावू नकोस.” कोणती ओळ, ते सांगू नये.