हुरड्याचं आमंत्रण

सासुरवाडीला गेलेल्या जावयाला पाटावर बसवतात, अशी माझी समजूत होती. निफाडच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी केलेल्या माणसाने ती डिसेंबरात तरी बाळगू नये.

"हुरड्याला या, दाजी," असा मेव्हण्याचा फोन आला, म्हणून शनिवारी नाशिकहून निघालो. रात्री जेवताना कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा कितीवर उतरला, याची चर्चा क्रिकेटच्या स्कोअरसारखी चालली होती. "आभाळ निरभ्र आहे," नाना, म्हणजे माझे सासरे, गंभीरपणे म्हणाले. मी म्हटलं, "वा, चांदणं दिसेल!" कुणीच हसलं नाही. ढग असले की जमिनीची ऊब खाली टिकते. आभाळ मोकळं असलं की रातोरात वर निघून जाते, हे मला पहाटे तीनला कळलं. कारण तेव्हा मेव्हण्याने माझी गोधडी ओढली.

डांबरगोळ्यांचा वास येणारी नानांची कानटोपी माझ्या डोक्यावर चढवली गेली आणि हातात ओल्या पाचटाचा भारा आला. वरच्या बागेत मण्यांत पाणी उतरलेलं, म्हणजे मणी पिकायला लागलेले, ते थंडीने तडकण्याची भीती. खालची बाग उशिरा छाटलेली, अजून फुलोऱ्यात. "दहा डिग्रीच्या खाली वेल कामच करत नाही, जावईबापू," नाना म्हणाले. मला त्या वेलीबद्दल एकदम आपुलकी वाटली.

काम सोपं होतं. ओळींच्या मधून ठिकठिकाणी शेकोटी पेटवायची. मी आनंदाने काडी ओढली, गोवरी धरली, छान जाळ झाला, हात पुढे केले.

"दाजी, जाळ नको! वेल भाजल! धूर करा, धूर!"

दात वाजत असलेल्या माणसाला शेकोटी पेटवायला लावायची आणि ती भडकू द्यायची नाही, याला काय म्हणावं? जरा ज्वाळ दिसली की मेव्हणा वर ओलं पाचट टाकी. पुढचा तासभर मी डोळे पुसत, खोकत, वाकून फुंकत होतो. ऊब म्हणाल तर फक्त ड्रिपच्या नळीला. रात्रपाळीची लाईट होती म्हणून मोटार चालू केली होती, आणि विहिरीचं पाणी पहाटे चक्क कोमट लागतं. मी नळी दोन्ही हातांत धरून पाच मिनिटं बसलो. मेव्हण्याला वाटलं, गळती शोधतोय.

तारेवरच्या थर्मामीटरवर साडेपाच. गार हवा जड, ती उताराकडे सरकते, आणि आमचा सगळा धूर तिच्यासोबत बांध ओलांडून शेजाऱ्याच्या बागेत जाऊन बसला.

उजाडल्यावर नानांनी एक घड उचलून निरखला, मणी बोटाने दाबला, "हं" म्हणाले आणि तोंड धुवायला गेले. तेवढ्यात शेजारी आला, चांगली झोप झालेल्या चेहऱ्याने. "नाना, लई बेस धूर केला राव! मला उठावंच लागलं नाही."

हुरडा? मजूर मिळाला नाही म्हणून कणसंच आली नाहीत. पोहे खाऊन परतलो.

बायकोने स्वेटर बाल्कनीत वाळत घातला. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या, नाकाने हवा ओढत म्हणाल्या, "हुरडा एकट्यानेच खाऊन आलात वाटतं!"