जेवलास का?

माझ्या पीएचडीचा विषय वितरित संगणन. मावशीने ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे रेशनचं का रे?" हे माझं चौथं वर्ष आहे, आता मी 'हो' म्हणतो.

विषय सांगायला सोपा. पाच मशिनांनी एकमेकांना निरोप धाडत एका गोष्टीवर एकमत करायचं. गोची एवढीच, की समोरचं गप्प बसलं तर ते मेलंय की नुसतं रेंगाळतंय, हे कळायला मार्ग नाही. १९८५ साली फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी सिद्धच केलं, की निरोप कधी पोचेल याचा भरवसा नसेल आणि एखादंच मशीन मरू शकत असेल, तरी एकमत होईलच अशी हमी कुठलीही ठरीव पद्धत देऊ शकत नाही. सिद्धता पहिल्या वर्षी वाचली. समजली मात्र गाईडसरांना तिसरं प्रकरण मेल केल्यावर. एकवीस दिवस झाले. वाचतायत, विसरलेत, की मेल पोचलीच नाही?

व्यवहारात यावर तोड म्हणजे हार्टबीट. २०१४च्या राफ्ट पद्धतीत म्होरक्या मशीन सारखं 'मी आहे, मी आहे' कळवत राहतं. आवाज बंद झाला की बाकीचे साधारण १५० ते ३०० मिलिसेकंद वाट बघतात आणि निवडणूक लावतात. प्रत्येकाची मुदत वेगळी, नाहीतर सगळेच एकदम अर्ज भरतील.

आमच्याकडे हे तंत्र राफ्टच्या आधीपासून आहे. रात्री नऊला आईचा फोन: "जेवलास का?" उत्तर आलं की पोरगं जिवंत. दोनदा उचलला नाही तर रूममेटला, मग हॉस्टेलवर, मग डिपार्टमेंटच्या वॉचमनकाकांना. काकांचा नंबर माझ्याकडेही नाही.

परवा लॅबमध्ये प्रयोग चालू होता, सलग एकोणीस तास. पाचांतली दोन मशिनं मुद्दाम मारायची आणि उरलेली तीन बहुमताच्या जोरावर गाडा ओढतात का बघायचं. ओढत होती, अगदी दृष्ट लागण्यासारखी. फोन सायलेंटवर. पावणेदहाला दार वाजलं. "आईंना फोन लावा आधी."

रेंजसाठी व्हरांड्याच्या टोकाला गेलो.

"जेवलास का?"

"हो."

मशीन मरायच्या ऐवजी खोटं बोलायला लागलं, तर आमच्यात त्याला बायझंटाइन दोष म्हणतात. असा एक खोटारडा निभावून न्यायला एकूण किमान चार मशिनं लागतात. आई एकटी पुरते.

"काय जेवलास?"

दहा मिनिटांनी परतलो तर लॅबमध्ये अंधार, काका कुलूप लावतायत.

"आईंनी सांगितलंय, आधी जेवायला पिटाळा. लाइट-पंखे बंद केलेत. आणि ती कोपऱ्यातली पाच डबडी चालूच ठेवली होतीत की! बरं झालं, सगळी एकाच बोर्डावर होती. एका बटणात काम झालं."