तीन बोटं आणि एक गाल

अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसत होता, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. त्या क्षणी त्याचा दोरीवरचा हात गालाला नेमका कुठे टेकला होता, हे मात्र द्रोणाचार्यांनी विचारलं नाही. साधं, बिनसाइटचं (नेम धरायचं यंत्र नसलेलं) धनुष्य चालवणाऱ्या माझ्यासारख्यांचा सगळा छळ त्या न विचारलेल्या प्रश्नात आहे. एकलव्य अंगठा गेल्यावर बोटांनी दोरी ओढू लागला आणि पूर्वीचा वेग राहिला नाही, असं कथा सांगते. आपण अंगठा शाबूत असताना बोटांनी ओढतो, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करायची?

साइट नसली की बाणाचं टोक हे पुढचं निशाण आणि मागचं निशाण म्हणजे आपलं तोंड. ते जागेवर राहत नाही. टोकावरून नेम धरणाऱ्यांनी एकदा हिशोब करून बघावा: ओढलेल्या बाणाची लांबी ७१ सेंटीमीटर आणि लक्ष्य १८ मीटरवर. हात गालावर ३ मिलिमीटर खाली टेकला तर बाण साडेसात सेंटीमीटर वर जातो. तोंड किंचित उघडं राहिलं, तरी जबड्याबरोबर हात खाली येतो आणि बाण वर. हसलात की ओठाचा कोपरा वर सरकतो आणि बाण खाली. त्यामुळे हे लोक नेम धरताना जरा खडूस दिसतात, त्याला इलाज नाही. दाढा हलक्या मिटलेल्या, ओठ बंद, आणि च्युइंगगम आधी थुंकून टाकलेला बरा.

आता बोटं. पद्धती दोन. एकात तर्जनी बाणाच्या वर, मधलं आणि अनामिका खाली. दुसऱ्यात तिन्ही बोटं बाणाखाली. पहिलीत बहुतेक जण मधलं बोट ओठाच्या कोपऱ्याला लावतात, दुसरीत तर्जनी. कोणतीही घ्या, पण एकच घ्या. एकाच पद्धतीत आज मधलं, उद्या तर्जनी ओठाला लावली की बाणाची मागची बाजू बोटभर, म्हणजे दीड सेंटीमीटर, सरकते आणि १८ मीटरवर ३८ सेंटीमीटरचा फरक पडतो. मग धनुष्याला नावं ठेवायला मोकळे. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या फील्ड (मैदानी-रानातल्या) स्पर्धांच्या नियमांतही लाँगबोवाल्याने, म्हणजे साधं लांब धनुष्य चालवणाऱ्याने, एकच पद्धत आणि एकच अँकर (हात टेकायची जागा) ठेवायचा आहे. तिन्ही बोटं खाली ठेवणाऱ्याची तर्जनी नॉकपासून, म्हणजे बाणाच्या मागच्या खाचेपासून, जास्तीत जास्त २ मिलिमीटरवर हवी. नियम करणाऱ्यांना माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक असणार.

तिन्ही बोटांत कामाची वाटणी एकत्र कुटुंबासारखी असते: मधलं बोट राबतं, तर्जनी देखरेख करते आणि अनामिका जेवायच्या वेळेला हजर. अनामिका ढिली पडली की भार वरच्या दोघांवर येतो आणि दोरी सोडताना हात वाकडा सुटतो. यावर उपाय दोरी ओढायच्या आधीच करावा लागतो. दोरी तर्जनीच्या आणि मधल्या बोटाच्या पहिल्या सांध्याच्या घडीत बसवा, अनामिकेच्या घडीच्या किंचित अलीकडे चालेल. बोटांचा आकडा घट्ट, पण हाताची मागची बाजू सपाट आणि मनगट सैल. मग दोरी दोन-तीन सेंटीमीटर ताणून बोटं बसली का ते बघा, आणि नंतरच धनुष्य उचला. ओढत ओढत बोटं सुधारणारा माणूस सुधारत नाही.

भीतीने बोटांच्या टोकावर दोरी धरणाऱ्यांची गंमत पुढे असते. ओढताना बोटं आत वळतात, दोरी पीळ घेते आणि बाण आधारावरून बाजूला लोंबकळतो. सगळे आपल्याकडे बघत असतानाच तो हमखास पडतो. दुसरं कारण नॉक चिमटीत धरणं. धनुष्य जितकं आखूड, तितका पूर्ण ताणात दोरीचा कोन टोकदार, आणि तर्जनी-मधलं बोट मिळून नॉक आवळतात. त्यासाठी तर्जनी आणि नॉक यांच्यात दोन मिलिमीटर फट ठेवा, मध्ये स्पेसर (बोटं वेगळी ठेवणारा तुकडा) असलेला टॅब, म्हणजे बोटांवर घालायची चामड्याची पट्टी, घ्या, नाहीतर सरळ तिन्ही बोटं खाली न्या. तसं केलंत तर नॉकिंग पॉइंट (दोरीवर नॉक बसवायची खूण) थोडा वर घ्यावा लागतो आणि नॉकच्या खालीही एक कडी लावावी, नाहीतर बाण दोरीवरून खाली घसरतो.

ओठाचा कोपरा हा एकमेव पुरावा मानू नये, असं माझं ठाम मत आहे. मऊ मांस कुणालाही हो म्हणतं. दुसरी खूण हाडाची हवी: अंगठ्याचा सांधा जबड्याच्या कोनामागे अडकवणं, किंवा गालाआडून बोटाला दाढ जाणवणं. तिसरी खूण नाकाच्या शेंड्याला लागणारं बाणाचं पीस. तिन्ही मिळाल्या तर सोडा. नाहीतर दोरी परत आणा. बाण न सोडता उतरवण्यात काहीही कमीपणा नाही. आणि हात टेकला म्हणजे काम संपलं असंही नाही. तिथे पोहोचून पाठीचा ताण सोडला की हात नकळत पुढे येतो. ४० पौंड ताणाच्या धनुष्यात एक इंच गेला की साधारण दोन-अडीच पौंड गेले, आणि बाण खाली जाऊन पडतो.

सराव कंटाळवाणा आहे. लक्ष्याचा कागद काढून टाका, बाण अडवणाऱ्या जाड गठ्ठ्यासमोर दोन-तीन मीटरवर उभे राहा, हलकं धनुष्य घ्या, ओढायला लागल्यावर डोळे मिटा आणि फक्त तीन खुणा शोधा. सोडल्यावर हात जबड्याला घासत कानाच्या दिशेने मागे जायला हवा. बाहेर उडाला तर दोरी तुम्ही झटकलीत. टॅबवरचा वळही खोटं बोलत नाही: एक सरळ रेघ असेल तर ठीक, पंख्यासारखा पसरलेला असेल तर बोटं दर वेळी वेगळीकडे बसताहेत.

आणि हे सगळं जमतं, तेव्हाच टॅबचं चामडं फाटायला येतं. नवं चामडं जाड, त्यात दोरी बसत नाही, सुटताना चिकटते आणि गालावरची जागाही बदलते. म्हणून जुना टॅब धड असतानाच दुसरा घ्यावा, अधूनमधून तो वापरून मुरवावा, आणि दोन्ही एकाच पिशवीत ठेवू नयेत. पिशवी विसरण्यात मात्र आपण सगळे अगदी सातत्याने अचूक असतो.