खुर्चीला हात लावू नका

ऑटिझम, एडीएचडी (लक्ष न टिकणं, सतत चुळबुळ), डिस्लेक्सिया (वाचन-लेखनाची अडचण) असलेल्या मुलांसाठी 'काहीतरी करा' असं वरून आलंय? मग आधी समिती नेमा. मुख्याध्यापक, समुपदेशक, वाचा-उपचारतज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आरोग्य खात्याचं कुणीतरी, सगळे घ्या. भागीदारी म्हणतात ती हीच. एवढ्या माणसांना एकाच दिवशी सवड होत नाही, हा तिचा मुख्य फायदा.

बैठक झालीच, तर सुरुवात सालामांका जाहीरनाम्याने करावी. १९९४ साली ९२ देशांच्या सरकारांचे प्रतिनिधी स्पेनमध्ये जमले आणि नेहमीच्या शाळेनेच सगळ्या मुलांना सामावून घ्यावं असं म्हणाले. मग २००६ चा संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार आणि त्यातलं २४ वं कलम : ज्याच्या-त्याच्या गरजेनुसार वाजवी सोयी. 'वाजवी' या शब्दावर पाऊण तास सहज निघतो. उरलेल्या वेळात पुढची तारीख.

अशा एखाद्या मुलाच्या आईला बोलवा, पण शेवटच्या पाच मिनिटांत. ती वही घेऊन येईल. 'मैदानावरून आल्यावर दहा मिनिटं प्रश्न विचारू नयेत.' 'तास बदलणार असेल तर आधी सांगावं.' 'खुर्च्या सरकल्या की कान झाकतो. खुर्च्यांच्या पायांना फेल्ट, म्हणजे जाड मऊ कापड, लावता येईल का?' चार वर्षांचं निरीक्षण आहे ते. पानं चाळा, 'छान, लिहीत राहा' म्हणा आणि वही परत द्या.

या फेल्टबद्दल मात्र सावध राहा. चाळीस खुर्च्या एकदम फरशीवर किंचाळतात तेव्हा तिसऱ्या बाकावरचं ते पोर डोकं दप्तरात खुपसतं. आवाजाचा असा त्रास २०१३ साली ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतही आला, म्हणजे नाटक म्हणायची सोय गेली. तरी चेंडू टोलवता येतोच. शाळा म्हणेल, हा वैद्यकीय प्रश्न. आरोग्य खातं म्हणेल, खुर्ची शिक्षण खात्याची. थेरपिस्ट म्हणेल, मी अहवालात लिहिलंय. तो अहवाल या टेबलावरून त्या टेबलावर नेण्याचं काम आईकडे द्या, बिनपगारी टपालवाली आयती मिळते.

काही मुलं दिवसभर दात-ओठ खाऊन शहाण्यासारखी बसतात आणि घराचा उंबरठा ओलांडताच कोसळतात. ही मुलं सर्वांत सोयीची. 'शाळेत तर गुणी आहे हो, घरीच काही बिनसलंय का?' एवढं विचारलं की जबाबदारी घरपोच.

प्रशिक्षणही घ्या, तासाभराचं, स्लाइडवाल्यांकडून. दुसऱ्या दिवशी एडीएचडीवाल्या मुलाच्या हातातलं रबर काढून घ्यायला हरकत नाही. ते चाळवताना त्याचं कान देऊन ऐकणं चाललेलं असतं, हे विसाव्या स्लाइडवर होतं आणि तोवर दिवे मंद झाले होते. परीक्षेत जादा वेळ द्यायचा तर अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असा पुकारून द्या.

एवढं करूनही धोका उरतो. एखाद्या सकाळी तिसऱ्या बाकाजवळच्या सहा खुर्च्यांच्या पायांत जुने, चिरलेले टेनिसचे चेंडू बसवलेले दिसतील. ना ठराव, ना मंजुरी. चौकशीअंती कळेल की कार्यानुभवाच्या बाईंनी शाळा सुटल्यावर आईची वही वाचली होती. लेखी खुलासा मागवा, विषय पुढच्या बैठकीत ठेवा.

आणि त्या दिवशी पोराचं डोकं दप्तराबाहेर होतं, हे इतिवृत्तात येऊ देऊ नका.