पेचकस असताना मीटर कशाला?

भाऊ, कापसाची ट्रॉली भरून उभी आहे, जिनिंगवर नंबर लावायचा आहे अन् ट्रॅक्टर नुसता 'टक्' करून गप्प. अशा वेळी मल्टिमीटर शोधणारा माणूस गावात तोंड दाखवायच्या लायकीचा राहत नाही.

बॅटरी तपासायची तर टर्मिनलवर पाना आडवा टाका. ठिणगी पडली की बॅटरी चांगली. भरलेली बॅटरी मीटरवर 12.6 व्होल्ट दाखवते, 12 च्या खाली आली की जवळपास रिकामी. ठिणगी मात्र दोन्हीत पडते, मग आकड्यांचा घोळ हवाच कशाला? आतलं पाणी दिसत नसेल तर लायटर पेटवून वाका. तिथं हायड्रोजन निघतो म्हणे. पाणी बोअरचंच टाका. त्यानं आपल्या गंजाच्या (पातेल्याच्या) बुडाला पांढरा थर धरतो, बॅटरीच्या प्लेटांनीच काय पाप केलं?

तरीही 'टक्'च? नवी बॅटरी आणा. आमच्या काकांनी आणली. नव्या बॅटरीवरही 'टक्'च झालं, कारण चॅसिसला जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरीचा बोल्ट सैल होता. सेल (स्टार्टर) मारताना बॅटरीचा मायनस अन् इंजिन यांच्यामध्ये मीटर धरला असता, तर अर्ध्या व्होल्टाच्या वर आकडा जाऊन दुखणं तिथंच सापडलं असतं. पण मग नव्या बॅटरीला हळदकुंकू कोण वाहणार?

लाइटचा 10 अँपिअरचा लाल फ्यूज उडाला, तर 30 चा हिरवा ठोका, नाहीतर तांब्याची तार गुंडाळा. त्यानंतर फ्यूजचं काम अख्खं वायरिंग करतं. वास आला की उडी मारायची, एवढंच.

आता खरी मर्दुमकी. चावीनं चालू होत नाही ना? मग सीटवर चढून गिअर बघत बसू नका. मागच्या मोठ्या चाकापुढं जमिनीवर उभं राहा अन् पेचकसानं सेलचे दोन टर्मिनल जोडा. क्लचचा सुरक्षा-स्विच असतो चावीच्या वायरीत; पेचकस त्याला विचारायला जात नाही. गिअर पडलेला असेल तर ट्रॅक्टर चालू होतानाच चालायला लागतो, अन् चाकापुढं तर तुम्हीच असता.

आमच्या गल्लीतल्या एकानं मागच्या हंगामात हेच केलं. ऐनवेळी बाजूला पडला, ट्रॅक्टर कुंपणात जाऊन बंद पडला. चाकाखालून चपटी झालेली चप्पल ओढून काढत तो मला म्हणाला, "चालू तं झाला ना बाप्पा!"