पाणी बरोबर आहे, उडी चुकली

नमस्कार,

मी ब्राउझरमध्ये चालेल असा बनवलेल्या माइनक्राफ्टच्या नकलेवरची तुमची प्रतिक्रिया रविवारी दुपारी आली, तेव्हा मी कुलरसमोर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. पहिलंच वाक्य होतं, 'काय ओ, गावचा किल्ला दाखवून टाळ्या घेतल्या, पण खेळ कुठं धड चालतोय?' खोटं कशाला सांगू, राग आला. तावातावाने उत्तर लिहायला घेतलं आणि निम्म्यात पुसलं. लिहिता लिहिता तुम्ही सांगितलेलं एकेक करून पाहत होतो, आणि त्यातलं बरंचसं खरं निघत होतं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात: माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी जग बांधायच्या खेळाची २००९ सालची अगदी सुरुवातीची आवृत्ती मी जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहिली आणि नमुना म्हणून तिच्यात आपला सोलापूरचा भुईकोट किल्ला बांधला. मूळ खेळही तेव्हा ब्राउझरमध्येच चालायचा, जावा या संगणकभाषेच्या प्लगइनवर, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या तुकड्यावर. पण क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये त्या प्लगइनला दार बंद केलं. माझी ही नक्कल प्रतिक्रिया लिहिणाऱ्या या काकांनी आणि त्यांच्या मुलाने महिनाभर वापरली. तक्रारी पाच: पाणी थांबत नाही, उडी खोटी आहे, चादरीला तपकिरी रंग मिळत नाही, किल्ल्याला एकच तट आहे, आणि मुलाने सुट्टीत बांधलेलं अख्खं जग गायब झालं.

पाण्यापासून सुरू करतो, कारण तिथे मी हटून बसणार आहे. मुलाने सिद्धेश्वर तलावाच्या काठचा एक ठोकळा फोडला आणि बघता बघता खंदक, किल्ल्याच्या आतली खणलेली तळघरं, सगळं भरून गेलं, तरी तलाव तसूभर कमी झाला नाही. तुमचं म्हणणं, पाणी सात ठोकळ्यांवर थांबायला हवं. तो नियम नंतरच्या आवृत्त्यांतला. २००९ च्या खेळात पाण्याला मापच नव्हतं. शेजारी किंवा खाली मोकळी जागा दिसली की तिथे पाणी, मग त्याच्या शेजारी, मग त्याच्या. उपाय एकच, स्पंजाचा ठोकळा. तो ठेवला की भोवतीचं पाच बाय पाच बाय पाचातलं पाणी नाहीसं होतं आणि परत शिरत नाही. मुलाला हे दाखवा, आवडेल. खेळाला दहा वर्षं झाली तेव्हा, मे २०१९ मध्ये, खेळ बनवणाऱ्या मोजांग कंपनीने स्वतः ही जुनी आवृत्ती ब्राउझरमध्ये फुकट खेळायला दिली, ३२ प्रकारचे ठोकळे आणि जुने दोष जसेच्या तसे ठेवून. दोष काढले असते तर तो दुसराच खेळ झाला असता. लोकांनी त्या वेड्या पाण्याभोवती बांध घातले, स्पंजांच्या रांगा लावल्या, एकमेकांची घरं बुडवली. ज्या चुकीवर लोकांनी घरं बांधली ती मी दुरुस्त करणार नाही.

पण याच न्यायाने उडी माझ्या गळ्यात येते.

तुम्ही लिहिलंत की मुलगा एक अख्खा आणि वर अर्धा ठोकळा अशा दीड उंचीच्या भिंतीवर टुणकन चढतो, मूळ खेळात हे जमत नाही, म्हणजे मी गुरुत्वाकर्षण कमी ठेवलंय. माझ्या लॅपटॉपवर दहा वेळा उडी मारली, नाही चढलो. गुरुत्वाकर्षणाचा आकडा मुळाबरहुकूम होता. मनात म्हटलं, पोरगं थापा मारतंय. मग बुधवारी अशोक चौकात चुलतभावाच्या दुकानातला बारा वर्षांपूर्वीचा संगणक लावून पाहिला, पंखा असा घोंगावत होता की भाव विचारायला आलेलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. आणि चढलो की! एकदा नाही, दर वेळी.

वीजबिलाच्या पाठीमागे बेरीज मांडली तेव्हा घोळ सापडला. मूळ खेळाचं घड्याळ सेकंदाला २० ठोके देतं, पडद्यावर चित्रं कितीही वेगाने बदलोत. उडी मारली की पहिल्या ठोक्याला माणूस ०.४२ ठोकळा वर जातो. मग दर ठोक्याला वेगातून ०.०८ वजा करायचे आणि उरेल त्याला ०.९८ ने गुणायचं. ०.४२, ०.३३३, ०.२४८, ०.१६५, ०.०८३, ०.००३. बेरीज १.२५२. एक ठोकळा सहज, दीड कधीच नाही. मी शहाणपणा करून ठोके काढून टाकले होते आणि दोन चित्रांमध्ये जेवढा वेळ जाईल तेवढं माणसाला सरकवत होतो. माझ्याकडे सेकंदाला ६० चित्रं निघतात, तिथे उडी १.१ च्या आसपास भरते. मुळापेक्षा कमीच, पण एक ठोकळा पार होतो म्हणून कधी खटकलं नाही. दुकानातल्या संगणकावर जेमतेम दहा चित्रं. तिथे पहिल्याच हिसक्याला ०.८४, मग जवळपास ०.५०, मग ०.१७. झाले १.५१! दीडच्या वर केसभर, आणि त्या केसभरावर तुमचा मुलगा भिंत चढत होता. संगणक जितका मठ्ठ तितकी उडी उंच, असला उफराटा कारभार. तुमच्या घरचा संगणकही दहा किंवा त्याहून कमी चित्रांवर रखडत असणार. आता ठोके परत आणलेत. सेकंदाला २०, उरलेला वेळ पुढच्या ठोक्यासाठी शिलकीत. तुमचं निदान चुकलं, पण दुखणं खरं होतं आणि ते माझं होतं.

तपकिरी रंग: मुळातल्या १६ रंगांच्या कापडी ठोकळ्यांत तो नाही, मी घालणार नाही. सोलापूरकराला चादर विणायला तपकिरी नाही म्हणजे पंचाईत आहे हे मान्य. सध्या मातीचा ठोकळा वापरा. तटबंदी: तुमचं बरोबर, किल्ल्याला दुहेरी तट आहे, मी आतला बांधलाच नाही. २५६ बाय २५६ च्या जगात किल्ला आणि तलाव मीटरला मीटर बसत नव्हते, म्हणून सगळं निम्म्यावर आणलं आणि त्या नादात आतला तट खाल्ला. कंटाळा, दुसरं काही नाही.

तुमच्या नजरेतून सुटलेली एक चूकही सांगून टाकतो, नाहीतर उद्या तीही तुम्हीच काढाल. डोंगर-झाडं कुठे यावीत हे ठरवायला जावाची आकडे काढायची जी रीत आहे, ती मी जशीच्या तशी उतरवली: मागच्या आकड्याला २५,२१,४९,०३,९१७ ने गुणा, ११ मिळवा, उजवीकडचे ४८ बिट (संगणकाच्या ०-१ च्या आकड्यातले अंक) ठेवा. जावास्क्रिप्टमध्ये ५३ बिटांच्या पुढे आकडा गेला की उजवीकडचे अंक गळतात, आणि हा गुणाकार ८३ बिटांपर्यंत जातो. ते ११ तर समुद्रात खसखस. आकड्यांची माळ फार तर ६५,५३६ मण्यांनंतर पुन्हा तीच सुरू व्हायची, म्हणून मी झाडं लावायच्या फेऱ्या वाढवल्या तरी रान दाट होईना, त्याच त्या जागा निघायच्या. आता दोन्ही आकड्यांचे २४-२४ बिटांचे तुकडे करून गुणतो, शाळेत उभा गुणाकार मांडायचो तसा.

आता हरवलेलं जग. तुम्ही लिहिलंत, 'मी ब्राउझर साफ केला होता, त्यात गेलं असेल, पण तुम्ही सूचना तरी द्यायची.' म्हणजे चूक तुमची समजून तुम्ही वाचताय. तसं नाही. ते जग जतनच झालं नव्हतं.

२५६ बाय २५६ बाय ६४ म्हणजे ४१,९४,३०४ ठोकळे. मी ते अक्षरांत बदलून ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे पानाला मिळणाऱ्या छोट्या साठवणीत, ठेवत होतो. अक्षरं होतात सुमारे ५६ लाख आणि तिथे मावतात साधारण ५० लाख. ब्राउझर दर वेळी 'जागा नाही' म्हणून ओरडत होता, पण ती ओरड झेलायला मी जी ओळ लिहिली होती तिच्या पोटात काहीच नव्हतं. ओरड गिळायची आणि खाली हिरव्या अक्षरांत 'जतन झालं' दाखवायचं. मी तपासत होतो ते १२८ बाय १२८ चं छोटं जग, ते १४ लाखांत आरामात बसायचं. त्यात भर म्हणजे धावण्यासाठी मी कंट्रोल कळ दिली होती, जी मूळ खेळात नाहीच. कंट्रोल दाबून पुढे जायला डब्ल्यू दाबलं की ब्राउझर टॅबच बंद करतो, आणि ते अडवणं पानाच्या हातात नसतं. मुलगा 'खेळ आपोआप बंद होतो' म्हणत होता ते हेच. धावणं आता शिफ्टवर आहे.

जतनाची रीतही बदलली. सलग एकसारख्या ठोकळ्यांची नुसती संख्या लिहितो, त्यामुळे बहुतेक जग हवा आणि दगड असल्याने फाईल फारच लहान होते. जतन फसलं तर लाल पट्टी येते आणि ती बंद करता येत नाही. शेजारी 'फाईल उतरवा' असं बटण आहे. रोज खेळ संपला की ते दाबून फाईल पेनड्राइव्हवर ठेवायला सांगा.

गेलेलं परत आणता येणार नाही, मी दोन संध्याकाळ शोधलं. तुम्ही प्रतिक्रियेसोबत त्याने बांधलेल्या बुरुजाचं चित्र जोडलं होतं, तोफेसाठी ठेवलेल्या खिडकीसह. ते मोजून बुरूज मी नमुन्याच्या किल्ल्यात उभा केलाय, डावीकडून तिसरा. चित्रात मागची बाजू दिसत नाही, ती मोकळी सोडली आहे. आणि त्याला एवढं नक्की सांगा, की बाबांनी काही पुसलं नव्हतं.